जाऊबाईंचं आवतन

आमच्या जाऊबाईंचा देश पारशिवनीच्या थोडा अलीकडे सुरू व्हायचा आणि पारशिवनीच्या पलीकडे दोन कोसांवर संपायचा. मधे त्यांचं माहेर होतं. "आमच्या देशात असं नाही करत," असं त्या म्हणाल्या की समोरच्या परदेशी पाहुण्याला वाटायचं, ही बाई काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचं सांगते आहे. त्या सांगत असायच्या ते त्यांच्या बापाच्या स्वयंपाकघरातलं आणि गोठ्यातलं. जाऊबाईंना जाऊन आता वर्ष होईल. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, म्हणून आधी माझं वाईट सांगून टाकते. मी त्यांच्यावर जळायची.

माझे थोरले दीर वारले, मग गांधीबागेतलं कापडाचं दुकान आवरलं, आणि आमच्या यांनी नागपूरच्या घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पेंचच्या जंगलाला जाणारे यायचे, अभ्यासाला आलेले यायचे. बहुतेक परदेशी. त्यांना आपल्या देशाची ओळख करून देणं हे काम आपोआप माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची. मी चार पानं टाइप करून ठेवली होती. त्यात राज्यं होती, भाषा होत्या, सण होते, राज्यघटनाही होती. पाहुणे सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि खालून फोडणीचा वास आला की उठून खाली जायचे. माझी दोन पानं नेहमी उरायची.

खाली जाऊबाई. दहावी पास, इंग्रजीशी संबंध नाही. पण त्यांना कोणी विचारलं, तुमचा देश कसा आहे, तर त्या सांगत बसायच्या नाहीत. "देश काय उभ्याउभ्या समजते का? बस, लसूण सोल," म्हणायच्या, आणि सूप पुढे सरकवायच्या. सहा फुटी माणसं आमच्या ओट्याखाली मांडी घालून लसूण सोलायची. हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी वरून हाक मारली तर कोणाला ऐकू जायची नाही.

त्यातून दुभाषी मीच. त्यांचं बोलणं माझ्या तोंडून जायचं, हा तर कहरच होता. मग मी भाषांतरात सुधारणा करायची. त्या म्हणायच्या, "आमच्या देशात पाहुणा नको म्हणे, तरी एक भाकर वाढा. तो लाजून राहिला असते." मी इंग्रजीत सांगायची, विदर्भाच्या ग्रामीण भागातील काही कुटुंबांत असा आग्रह करण्याची पद्धत आढळते. एकदा एक पाहुणी मला म्हणाली, "तिचं वाक्य छोटं होतं." त्या दिवशी मी तिला दुसरी भाकर वाढली नाही.

ही पाहुणी म्हणजे हाना. झेक देशातली मुलगी, संत्र्यांच्या बागांवर अभ्यास करायला चार महिने आमच्याकडे राहिली. तिला मी पहिल्या दिवसापासून माझी मानलं होतं. तिच्यासाठी चारची आठ पानं केली. ती वाचायचीसुद्धा. पण आठवड्याभरात तीही ओट्याखाली जाऊन बसली आणि मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली, तेही कसं? "मले भूक नाही." माझं अर्धं आयुष्य शुद्ध बोलण्यात गेलं, आणि पोरगी शिकली ते जाऊबाईंचं.

आता आवतनाचं सांगायला हवं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून शेकतात आणि त्याला जेवणाचं निमंत्रण देतात: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नागपुरातल्या घरात बैल कुठून आणणार? जाऊबाईंनी हे आवतन पाहुण्यांवर सुरू केलं. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या जिना चढून वर जायच्या, दारावर टकटक करायच्या, हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गुडघे दुखायचे तरी जायच्या. मी म्हटलं, "जाऊबाई, ते घरातच राहतात, पैसे देऊन जेवतात, त्यांना रोज काय बोलवायचं?" त्या म्हणाल्या, "आमच्या देशात आवतनाबिगर कोणी ताटावर बसत नाही." मी सोडून दिलं.

मग त्या भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, दोन दिवस पारशिवनीला गेल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. रविवार होता. मी सकाळपासून राबून पाटवडीचा रस्सा केला, भात केला, हानासाठी तिखट कमी घातलं. एक वाजला, दोन वाजले, हाना खाली येईना. वर गेले तर बाईसाहेब खिडकीत बसून बिस्किटं खात होत्या. मी विचारलं, "जेवायचं नाही का?" ती संकोचून म्हणाली, "काल आवतन नाही आलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला अस्खलित इंग्रजीत समजावून दिलं की भारतात अशी काही रीत नाही, ती एका लहानशा मुलखातली आहे, आणि तिथेही ती माणसांसाठी नाही. "ते बैलांसाठी असतं," मी म्हटलं. हे मी मुद्दाम म्हटलं. तिला अपमान वाटावा आणि जाऊबाईंची जादू एकदाची उतरावी, एवढीच माझी इच्छा होती. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "बैल तर घरचाच असतो ना? मग त्याला निमंत्रण कशाला?"

मी खाली येऊन माझे कागद चाळले. आठ पानांत ते कुठेच नव्हतं.

जाऊबाई परतल्या तशी हानाने तोच प्रश्न त्यांना विचारला. दुभाषी अर्थात मी. जाऊबाई पिशवीतून साक्षगंधाचे लाडू काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्याले मागता येत नाही, त्याले आवतन द्या लागते. बैल मागते का? अन् ही पोरगी, इतक्या दुरून आलेली. भूक लागली तं कोणाले सांगन, कोण्या तोंडानं सांगन? म्हणून आपणच जाऊन म्हणाचं."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. एकही सुधारणा केली नाही. हाना जाऊबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून बसली, आणि मी तिथेच उभी राहून पुन्हा जळले.

हाना गेली. तिची पत्रं जाऊबाईंच्या नावाने यायची, वाचून मी दाखवायची. दोन वर्षांनी जाऊबाईंच्या मुलाला मौद्याला वीज प्रकल्पात नोकरी लागली आणि तो आईला घेऊन जायला आला. त्या सामान बांधत होत्या तेव्हा इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून निघालंच. "साऱ्या दुनियेला आवतन दिलंत, मला एकदाही नाही."

त्या हसल्या. "तुले काहून देऊ वं माधुरी? तुले तं मागता येते. भूक लागली का घर डोक्यावर घेतं तू."

मौद्याहून त्यांचा फोन यायचा. सून चांगली होती, मुलगा चांगला होता. "सारं बरं आहे," त्या म्हणायच्या. काय जेवलात विचारलं की, "जे झालं ते." कधी जेवलात विचारलं की, "सून ड्युटीवरून आली का मग." जी बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटाकडे बघत आली, ती आता सुनेच्या घरात आपलं ताट कधी येतं याची वाट बघत होती, आणि मागत नव्हती. त्यांना मागता येतच नव्हतं. हे मला कळायला पाच महिने लागले, आणि म्हणे मी शिकलेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि मौद्याला फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

 पलीकडून हळूच, "कोणाले म्हणून राहिली वं?"

"तुम्हाले."

दुसऱ्या दिवशी मी पुरण शिजायला टाकलं होतं, तोच फाटक वाजलं. जाऊबाई उभ्या होत्या, हातात कपड्यांची भली मोठी पिशवी. एका जेवणासाठी आलेलं माणूस एवढी पिशवी आणत नाही. मी पिशवी आत नेऊन त्यांच्या जुन्या खोलीत ठेवली. पुढची तीन वर्षं, शेवटपर्यंत, ती तिथेच राहिली.

त्या दिवशी वरच्या खोल्यांत दोन पाहुणे होते. पोळ्याचं जेवण कसं असतं ते बघायचं म्हणून आठवड्यापासून वाट बघत होते. त्यांना मी हॉटेलात जेवायला पाठवून दिलं.