मुलाणी काकांचं 'मे बी'

नोटीस टाइप करून झाली की मुलाणी काका ती घेऊन कंपनीच्या गेटवर जायचे. पहिला जो कामगार भेटेल त्याला तिचा अर्थ मराठीत सांगायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मग परत येऊन पेन्सिलीने एखादा इंग्रजी शब्द बदलायचे. मावळातल्या नवलाख उंबरे गावच्या आमच्या कंपनीत ते हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे क्लार्क. औंढ्याचे, दहावी पास. मी लोणावळ्याची, इंग्रजीत एम. ए., आणि नोटिसा लिहिणं हे माझं काम. तरी साहेब दरवेळी विचारणार, "मुलाणींनी पाहिली का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"म्याडम, तुमचं इंग्रजी लय ब्येस," काका म्हणायचे. "पन 'आर डायरेक्टेड' म्हनलं का मानूस बिथरतो. 'आर रिक्वेस्टेड' म्हना. कामबी हुतंय आन् त्याची मानबी ताठ राहती." ते खरं असायचं, म्हणून तर जास्त झोंबायचं.

भातलावणीच्या दिवसांत मावळातले निम्मे कामगार शेतावर जातात. एका वर्षी साहेबांनी कडक नोटीस काढायला सांगितली. न विचारता गैरहजर राहणाऱ्याला कामावरून 'विल बी रिमूव्ड', असं मी लिहिलं. काकांनी 'विल' खोडून 'मे' केलं. "'विल'नं दार बंद हुतंय, म्याडम. 'मे बी' ठेवलं तर साहेबालाबी माघारी फिरता येतं." मी मान डोलावली आणि ते गेल्यावर 'विल'वरच साहेबांची सही घेतली. एकदा तरी माझा शब्द बोर्डावर लागावा, एवढंच मला हवं होतं.

दत्तू नावाचा कामगार तीन दिवस लावणीला गेला. सही करून बसलेल्या साहेबांना माघारी फिरता येईना. दत्तूचं काम गेलं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, "मुलाणी, हे तुम्ही पाहिलं नव्हतं?" काकांनी नोटीस वाचली. माझ्याकडे बघितलंही नाही. "पाहिलं व्हतं, साहेब. माज्याच नजरंतनं सुटलं."

मी नोटीस उचलून जागेवर येऊन बसले. पुढे साहेबांनी नोटिसा त्यांना दाखवणं बंद केलं. म्हणजे मी जिंकले. पण रिटायर होईपर्यंत काका माझ्याशी होते तसेच वागले आणि मला त्यांच्या त्या स्वभावाचाही हेवा वाटत राहिला.

गेल्या महिन्यात काका वारले. मी औंढ्याला गेले, तर जनाज्याला पुढे खांदा देत होता दत्तू. तो कब्रस्तानातून परत आल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काकांवर राग नव्हता?"

"व्हता की. पन ते सवता घरी आलते. म्हनले, माजी चूक झाली, माफ कर. येवढ्या वयाच्या मानसानं हात जोडल्याव राग कुटं ठेवायचा, ताई? केलं माफ."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि "बरोबर आहे" एवढंच म्हणाले. ती माफी माझ्या वाट्याची होती. तीसुद्धा काकांनाच मिळाली.