चुरी मॅडमचे सहा निबंध

ती बशी टेबलावर ठेवली ग्रंथपाल प्रल्हाद तोरसकरांनी. याबद्दल वसईच्या त्या कॉलेजात आजही दुमत नाही, आणि तोरसकरांनीही ते कधी नाकारलेलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की फ्रिजमध्ये झाकून ठेवलेली बशी असेल, बशीत पांढरट चौकोनी तुकडे असतील आणि प्रत्येक तुकड्यात टूथपिक खोचलेली असेल, तर शंभरातली नव्याण्णव माणसं त्याला पनीरच म्हणतील. टूथपिकांना इवले कागदी झेंडे होते आणि त्यांवर आकडे होते, हे खरं. पण कँटीनवाल्याने नुकतीच टोकन पद्धत सुरू केली होती. तोरसकरांना वाटलं, त्यातलाच काहीतरी प्रकार असेल.

समोर बसली होती बढती समिती. वनस्पतिशास्त्राच्या डॉ. आशालता चुरींना निवृत्तीपूर्वी प्रोफेसर करावं की करू नये, हे ठरवायला जानेवारीतल्या एका सकाळी तीन माणसं बाहेरगावाहून आली होती. त्यांच्या चहापाण्याचं तोरसकरांकडे होतं, कारण ग्रंथपालाला दुसरं काम नसतं असा प्राचार्यांचा समज होता. अध्यक्षांनी सतरा नंबरचा झेंडा उचलला, तुकडा तोंडात टाकला, छान असं मानेने सांगितलं, आणि तेवढ्या वेळात दुसराही टाकला.

मग त्यांनी मान हलवायची थांबवली.

प्रयोगशाळेतला ऑस्कर दारातून हे बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, ते पनीर नाय. मॅडमचं सुरण हाय ते. सतरा म्हंजे रानातलं."

तोरसकर पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

"पानी नका देऊ, सर," ऑस्कर म्हणाला. "पान्यानं काय होत नाय त्याला."

तेवढ्यात चुरी मॅडम आल्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, एका हातात आमसुलाच्या पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात छापील फॉर्म. ज्या माणसाच्या सहीवर आपली बढती अवलंबून आहे तो माणूस डोळ्यांतून पाणी काढत समोर बसलाय, याचं दडपण त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसेना. त्यांनी भांडं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुखणं कोणतं झालं तुम्हाला?"

अध्यक्षांना वाटलं, बाई आपलं सांत्वन करतायत. बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी कागदावर लिहिलं: 'विंचू. इयत्ता सातवी.'

"ते दहा धरायचं. आता हे किती?"

अध्यक्षांनी नऊ बोटं दाखवली.

"म्हणजे विंचवाच्या खालोखाल?" मॅडमनी विचारलं. आवाजात खोच नव्हती, नुसती चौकशी होती. अध्यक्षांनी आमसुलाचा एक घोट तोंडात घोळवला, डोळे मिटून सातवीतली ती रात्र आठवली, आणि हात खाली आणून आधी सात, मग सहा बोटं दाखवली. मॅडमनी फॉर्मवर साडेसहा लिहिलं. खाली तारीख घातली.

तोरसकर भिंतीला टेकून उभे होते. आपण आज एका बाईची अठ्ठावीस वर्षांची नोकरी बशीत घालून वाढली, असं त्यांना वाटत होतं.

ही अठ्ठावीस वर्षं कशात गेली हे तोरसकरांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, कारण कॉलेजातल्या सगळ्यांच्या संशोधनाचं मोजमाप ठेवायचं काम त्यांच्याच गळ्यात होतं. कोणाचे निबंध किती, ते दुसऱ्या किती जणांनी आपल्या निबंधात उल्लेखले, आणि या दोन्हींवरून निघणारा निर्देशांक किती. चार वेळा उल्लेख झालेले निदान चार निबंध असतील तर तो माणूस चार. दहा वेळा उल्लेख झालेले दहा असतील तर दहा. केमिस्ट्रीचे हर्षवर्धन सर एकोणीस होते. त्यांचे निबंध चौऱ्याण्णव. एका पावसाळ्यात सात आले होते. चुरी मॅडम चार होत्या. निबंध सहा.

सहाच का, याचं कारण सुरणात होतं. मॅडम खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. घरी सुरण सोलायचा म्हणजे आईचे हात दोन दिवस सुजलेले असायचे, आणि एकाच बांधावरचा एक सुरण खाजायचा, दुसरा मुकाट शिजायचा. हे असं का, एवढाच त्यांचा प्रश्न. खाज आईबापांकडून पोरांत कशी उतरते? आणि जिभेला दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, सुरणातल्या बारीक सुया टोचतात म्हणून, की सुयांबरोबर आणखी काही आत जातं म्हणून? त्यासाठी रानसुरण आणि खायच्या सुरणाचा संकर करायचा, बी धरायचं, ते रुजवायचं, आणि पुन्हा फूल येईपर्यंत थांबायचं. बियापासून फुलापर्यंत चार वर्षं. एका पिढीला एक निबंध. सहा पिढ्या झाल्या होत्या, सहा निबंध झाले होते. बाकीचा वेळ जिभा गोळा करण्यात गेला.

जिभा चारशे अकरा होत्या. विद्यार्थी, प्राध्यापक, पोस्टमन, ऑस्करची सगळी आळी. तुकडा जिभेच्या टोकाला लावून पाच अंक मोजायचे, मग दहापैकी किती ते सांगायचं. त्याआधी प्रत्येकाचं दहा विचारून घ्यायचं, ही मॅडमची शिस्त. ऑस्करचं दहा म्हणजे शिंगाळ्याचा काटा, मासा जाळ्यातून सोडवताना तळव्यात शिरलेला. तोरसकरांचं मूतखडा. एका मुलीने बारावीचा निकाल सांगितला होता. मॅडमनी तिलाही हसण्यावारी नेलं नाही. दुखलं कुठे, एवढं विचारून लिहून घेतलं.

समितीने जाताना पंधरा दिवसांची मुदत दिली. अध्यक्ष भला माणूस होता. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य ते हेच म्हणाले, की बाईंचं काम त्यांना पटलंय, स्वतः अनुभवलंय. पण नियमात दहा निबंध आहेत. आणखी चार पाठवल्याची पोच दाखवा, मी सही करतो.

बढतीने मॅडमच्या पगारात फारसं काही होणार नव्हतं. प्रश्न जमिनीचा होता. प्रोफेसर म्हणून निवृत्त झालं तर पुढे पाच वर्षं मानद म्हणून काम चालू ठेवता येत होतं, आणि मग कॉलेजामागचा सुरणाचा पट्टा त्यांच्याकडे राहिला असता. नाहीतर मे अखेर तो मोकळा करायचा. तिथे स्कूटरींचं पार्किंग होणार होतं. फरश्या येऊनही पडल्या होत्या. गोखिवऱ्याची वडिलांची वाडी भावांनी केव्हाच कारखान्याच्या गाळ्यांना दिली होती. तिथे आता ऑफिसच्या खुर्च्यांची चाकं बनतात. सातव्या पिढीचे चाळीस कंद होते, दोन वर्षांचे. फुलायला आणखी दोन वर्षं हवी होती.

तोरसकरांनी पापक्षालन मनावर घेतलं. फुलपाड्याच्या घरी चार सुट्ट्या बसून त्यांनी मॅडमच्या वह्यांवरून चार निबंधांचे आराखडे केले. एक सुयांवर, एक जिभांवर, एक पानांवर, आणि एक नुसत्या हवामानावर. बायको म्हणाली, "माझ्या बहिणीचं स्थळ जमवताना एवढं बसला नव्हतात."

मॅडमनी चारही आराखडे नीट वाचले. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्तही केल्या.

"हे सगळं एकाच गोष्टीचं आहे, तोरसकर. सातवी पिढी फुलल्याशिवाय यातलं एकही पुरं होत नाही."

"एकाचे चार करायचे, मॅडम. सगळेच करतात."

"मला नाही जमणार."

तोरसकर तयारीनिशी आले होते. "शेतकरी काय करतो? एका सुरणाच्या चार फोडी करतो, चार खड्ड्यांत लावतो, चार सुरण काढतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही."

 मुद्दा मॅडमच्या शेतातला होता, तो त्यांना आवडलेला दिसला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण लावल्यावर तो वर्षभर थांबतो. फोडी घेऊन लगेच बाजारात जात नाही."

बढतीच्या फॉर्ममध्ये त्यांनी निबंधांच्या रकान्यात सहा लिहिलं, अक्षरी आणि अंकी, आणि तोरसकरांच्याच हाती तो पोस्टात टाकायला दिला. पोस्टाच्या पेटीसमोर तोरसकर बराच वेळ उभे राहिले. सहाच्या आधी एक काढला तर सोळा होतात, एवढा विचार त्यांच्या मनात आला. मग अक्षरी सहा आठवला, आणि बाईंनी तो कोणासाठी लिहिला होता तेही कळलं. त्यांनी पाकीट पेटीत सोडलं.

मार्चमध्ये उत्तर आलं. चार ओळी होत्या. निबंध सहा, आवश्यक दहा, सबब शिफारस करता येत नाही. खाली अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, की सातवा निबंध छापून आल्यावर एक प्रत पाठवावी.

तोरसकर पत्र घेऊन प्रयोगशाळेत गेले तेव्हा मॅडम चाळीस कंद कोरड्या वाळूत मांडत होत्या. सुरणाचा हा झोपायचा काळ. एप्रिल सरता सरता ते जमिनीत जायला हवेत, नाहीतर सुकायला लागतात. मॅडमनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि फॉर्मच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. मग वाळूवर हात ठेवून त्या काही वेळ तशाच बसल्या. त्यांना असं काही न करता बसलेलं तोरसकरांनी अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या दिवशी मी ती बशी..."

"दहा पाहिजे होते, माझे सहा आहेत. त्यात बशी कुठे आली?"

"तरी पण. मला काहीतरी करू दे. तुम्ही सांगाल ते."

मॅडमनी मान वर केली. त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटच्या गॅलरीत तीन कुंड्या मावत होत्या, चौथी ठेवली की दार लागत नव्हतं.

"तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या. वर गच्ची आहे."

"ऊन असतं?"

"दिवसभर. पापड घालतात बायका."

"सेक्रेटरी कोण तुमच्या सोसायटीचा?"

तोरसकरांना आता रस्ता कुठे चाललाय ते दिसायला लागलं. "मीच आहे," ते हळूच म्हणाले.

"चाळीस पत्र्याचे डबे लागतील. रंगाचे चालतील. ऑस्कर टेम्पो बघेल."

"सांगितलंय मी," ऑस्कर आतून म्हणाला. "आयतवारी येईल."

तोरसकर हो म्हणाले होते, की म्हणाले नव्हते, हे त्यांनाच नीट आठवेना. गच्चीला भार किती चालतो, गळती लागली तर चौथ्या मजल्यावरचे शेजारी काय बोलतील, सगळं एकदम डोक्यात येऊन गेलं. पण त्या सगळ्याहून मोठं असं एक त्यांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी मागच्या पट्ट्यात सहावी पिढी फुलली होती, तेव्हा परीक्षेचे दोन पेपर दुसऱ्या इमारतीत घ्यावे लागले होते.

"मॅडम, बाकी सगळं मी बघतो. पण त्या फुलाला मेलेल्या उंदरासारखा वास येतो. माझ्या डोक्यावर अशी चाळीस फुलं फुलली तर सोसायटीत मी तोंड कसं दाखवू?"

मॅडम पुन्हा कंद मांडायला लागल्या होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही.

"वास दोन दिवस येतो; त्या दोन दिवसांत तुम्ही गावाला जाऊन या."