गेझीनाबाईंची कार्डं

ब्राकेनाउच्या बाजारचौकात माझं वह्या-कागदांचं दुकान होतं, बसथांब्याच्या बरोबर समोर. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गेझीना आलबोर्न यायच्या आणि रेघांच्या कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा घेऊन जायच्या. एवढ्या कार्डांचं त्या काय करतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. युद्धातल्या अधिकाऱ्यांची त्या नोंद ठेवत. एका अधिकाऱ्याला एक कार्ड. वर नाव आणि जन्मतारीख, खाली कुठल्या वर्षी कुठला हुद्दा, कुठली पलटण, कुठे जखमी, कुठे मेला.

हे सुरू झालं ते त्यांच्या धाकट्या भावापासून. एबरहार्ड चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात रशियात बेपत्ता झाला, बावीस वर्षांचा होता. शोधकार्यालयाकडून दर दोन-तीन वर्षांनी तेच उत्तर येई: ठावठिकाणा नाही. तेव्हा गेझीनाबाईंनी ठरवलं, पोराचा पत्ता लागत नसेल तर त्याच्यावर हुकूम चालवणाऱ्यांचा लावू. त्याचा कंपनी कमांडर कोण, त्याच्या वरचा कोण, त्यातला कोण जिवंत आहे. जुन्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या त्यांनी कुठून कुठून मागवल्या. त्या याद्यांत माणसं बढतीच्या तारखेप्रमाणे लावलेली असतात. एकाच दिवशी बढती मिळालेले दोघे असले तरी कोण वर, कोण खाली, तेही ठरलेलं. ‘एखादं नाव यादीतून निघालं की त्याच्या जागी भोक पडतं, विब्केबाई,’ त्या मला सांगायच्या, ‘ते भोक कशानं पडलं ते शोधायचं.’

भाऊ सापडला नाही. पण लोक त्यांना पत्रं लिहू लागले. कुणाला वडिलांच्या फोटोतल्या खांद्यावरच्या पट्ट्या वाचून हव्या असत, कुणाला काकांची शेवटची नेमणूक. त्या कुणाला नाही म्हणत नसत. लग्न केलं नाही. दिवसभर भूमापन कचेरीत नकाशे आणि संध्याकाळी कार्डं, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं.

कचेरीत त्यांचे साहेब होते उलरिश कालवाइट. पूर्व प्रशियातल्या इन्स्टरबुर्गचे, युद्धानंतर निर्वासित म्हणून आमच्याकडे आले. उंच, मोजकं बोलणारे, पांढरे केस मागे वळवलेले. गावच्या गायकमंडळाचे ते अध्यक्ष होते आणि माझा नवरा त्यांच्या मंडळात खर्जात गायचा. गेझीनाबाईंनी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काढली होती. साहेबांबद्दल त्यांना फार आदर होता.

अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात साहेब निवृत्त झाले. गेझीनाबाईंना काहीतरी खास द्यायचं होतं. साहेब युद्धात इंजिनिअर पलटणीत कप्तान होते एवढं त्यांना माहीत होतं. मग त्यांनी त्या पलटणीच्या सगळ्या अधिकाऱ्यांची यादी तयार केली. कालवाइटांच्या नावापुढे जन्मतारीख, बढत्या आणि शेवटी ‘सध्या राहणार ब्राकेनाउ’. यादी माजी सैनिकांच्या परिपत्रकात छापून आणली आणि निरोपसमारंभात साहेबांच्या हातात ठेवली.

मी तिथे होते. साहेबांनी चष्मा लावला, पान वाचलं, परत वाचलं. मग पान घडी करून खिशात घातलं आणि अगदी हळू म्हणाले, ‘मला आधी विचारायला हवं होतंत, आलबोर्नबाई.’ गेझीनाबाईंचा चेहरा उतरला. युद्धाच्या आठवणी नको असतात माणसांना, आम्ही त्यांची समजूत घातली.

सप्टेंबरात एक बाई बसमधून उतरल्या आणि सरळ माझ्या दुकानात आल्या. पिवळट कोट, हातात कापडी पिशवी, बोलण्यात जुन्या प्रशियाचा हेल. सीमेपलीकडच्या, पूर्वेकडच्या अर्ध्या देशातून आल्या होत्या. तिकडे बाईमाणसाला साठी उलटल्याशिवाय नातेवाइकांना भेटायला इकडे सोडत नसत. त्यांची साठी जुलैत उलटली होती. हानोव्हरला चुलतबहिणीकडे आल्या, तिथे तिच्या नवऱ्याच्या टेबलावर ते परिपत्रक पडलेलं होतं.

‘मी डोरेटे कालवाइट,’ त्या म्हणाल्या. ‘माझा भाऊ इथे राहतो. तेहतीस वर्षं आम्ही त्याला मेलेला धरून चाललोय.’

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि स्वतः टेकडीवरच्या घरापर्यंत सोडायला गेले. दार साहेबांनीच उघडलं. बाईंनी नाव सांगितलं नव्हतं अजून. साहेबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग दोन्ही हात पुढे केले आणि घरच्या लाडक्या नावानं हाक मारली, ‘डोर्शेन.’

बाई रडत त्यांच्या गळ्यात पडल्या. मीही डोळे पुसत टेकडी उतरले. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावात घरोघरी पोचली होती, आणि ती पसरवणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोरेटेबाई गेझीनाबाईंच्या घरी गेल्या. यादी करणारीचे आभार मानायला जाते, असं त्यांनी टेकडीवर सांगितलं होतं. तिथे काय झालं ते मला गेझीनाबाईंनी बऱ्याच वर्षांनी सांगितलं. बाई आत आल्या, दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

‘तो माझा उलरिश नाही. उलरिश लहानपणी माळ्यावरून पडला होता. त्याच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, सरळ होतच नव्हती. या माणसानं काल मला कॉफी ओतून दिली. त्याची करंगळी सरळ आहे.’

‘तुम्ही त्यांना काही बोललात?’

‘कशी बोलू? आमच्या घोडीचं नाव त्याला माहीत आहे. आई पीठ मळताना काय गुणगुणायची, तेही माहीत आहे. रात्रभर मी त्याच्या घरात, त्याच्या बायकोनं घातलेल्या गादीवर जागी पडून होते. हे सगळं त्याला उलरिशनंच सांगितलं असणार ना? म्हणजे तो उलरिशजवळ होता. शेवटी होता.’

गेझीनाबाईंनी त्यांना काही वेडंवाकडं न बोलता परत टेकडीवर जायला सांगितलं, हसतमुखानं निरोप घ्यायला सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं हानोव्हरला पाठवलं. मग त्या त्यांच्या कार्डांकडे वळल्या.

त्यांचा विचार साधा होता. कुणी कालवाइट होऊन जगत असेल, तर कालवाइट दुसऱ्याच कुणाच्या नावानं मेला असणार. पंचेचाळीसच्या एप्रिल-मे महिन्यांत मेलेले, त्याच पलटणीतले, त्याच वयाचे अधिकारी त्यांनी वेगळे काढले. चार निघाले. तिघांच्या मृत्यूला साक्षीदार होते. चौथा कप्तान योब्स्ट राइमर्स. होल्स्टाइनमधल्या एका शाळेत तात्पुरतं इस्पितळ उघडलं होतं, तिथे दोन मे रोजी मृत्यू, ओळख फक्त गळ्यातल्या सैनिकी बिल्ल्यावरून. त्याच्या कार्डावर बेचाळीसपासून दोन वर्षांची जागा कोरी होती. त्या काळात तो पलटणीत नव्हता, पिछाडीच्या सुरक्षा तुकडीकडे उसना दिला होता. त्या तुकडीनं काय केलं हे गेझीनाबाईंना इतर कागदांवरून ठाऊक होतं. माणसांसकट गावं जाळली होती. राइमर्सचं नाव शोध घेतल्या जाणाऱ्यांच्या जुन्या यादीत होतं, आणि त्यापुढे कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं: मयत.

त्यांनी बर्लिनला, मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला पत्र टाकलं. उत्तराला महिने लागतात हे त्यांना माहीत होतं.

ऑक्टोबरात साहेब माझ्या दुकानात आले. पाकिटं घेतली आणि सहज विचारावं तसं विचारलं, ‘आलबोर्नबाईंचं काम जोरात दिसतंय. या महिन्यात किती कार्डं नेली त्यांनी?’

मी सांगितलं, दोन गठ्ठे नेले, आणि मोठी पाकिटंसुद्धा, बर्लिनला काही पाठवायचं होतं त्यांना. साहेबांनी मान डोलावली, माझ्या नवऱ्याच्या आवाजाची स्तुती केली आणि गेले. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आज मी स्वतःला विचारते, खरंच वाटलं नव्हतं का. त्यांनी जाताना दार इतक्या हळू लावलं होतं की त्यावरची घंटा वाजलीच नाही.

त्यानंतर गेझीनाबाईंचा फोन वाजू लागला. उचलला की पलीकडे कुणी बोलत नसे, नुसता श्वास. एका रविवारी चर्चहून परतल्या तर कार्डांच्या खोलीची खिडकी उघडी. काही हललं नव्हतं, फक्त ‘र’चा खण पूर्ण मिटलेला नव्हता. आत राइमर्सचं कार्ड होतं, पण पाठ पुढे करून ठेवलेलं. त्या पोलिसात गेल्या नाहीत. खिडकीला खिळे ठोकले.

नोव्हेंबरात साहेब स्वतः आले, दिवसाढवळ्या, स्वतःच्या बागेतल्या बिहीच्या फळांची टोपली घेऊन. स्वयंपाकघरात बसले. हॅट गुडघ्यावर ठेवली.

‘एकोणीस वर्षं आपण एकत्र काम केलं,’ ते म्हणाले. ‘मी तुम्हाला कधी दुखावलं?’

‘नाही, साहेब.’

‘मग हे थांबवा. मेलेल्यांना मेलेलं राहू द्या. कुणाचं त्यानं भलं होणार आहे?’

साहेबांनी टोपलीतलं एक फळ उचललं, पुसलं, परत ठेवलं.

‘तुमचा एबरहार्ड,’ ते म्हणाले. ‘चव्वेचाळीसच्या जूनमध्ये मी त्या भागात होतो. त्याच्या तुकडीचं काय झालं ते मला माहीत आहे. कुठल्या गावाजवळ, कुठल्या खड्ड्यात, तेही. तुम्हाला मी नकाशावर दाखवू शकतो. तुम्ही बर्लिनला एक ओळ लिहायची, चुकून चौकशी केली म्हणून. बस.’

चौतीस वर्षं गेझीनाबाई ज्या एका ओळीसाठी जगल्या, ती ओळ समोरच्या खुर्चीत बसली होती. आईनं मरताना विचारलं होतं, एबरहार्डचं काही कळलं का.

‘मी उत्तर द्यायच्या आधी मला एकच सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही चव्वेचाळीसच्या जूनमध्ये तिथे होतात. कुठल्या पलटणीत?’

कालवाइटांची इंजिनिअर पलटण त्या महिन्यात फ्रान्समध्ये होती. रशियात, त्या भागात, राइमर्स होता. हे दोघांनाही एकाच क्षणी उमजलं. साहेबांनी हॅट घातली. दाराशी वळून म्हणाले, ‘तुम्ही फार नीटनेटक्या आहात, आलबोर्नबाई. अशी माणसं एकटी राहतात तेव्हा मला काळजी वाटते.’

त्या हिवाळ्यात गेझीनाबाई कडी घालून, दाराला कपाट लावून झोपत. बिहीची फळं त्यांनी खाल्ली नाहीत, फेकलीही नाहीत. ती टोपलीत काळी पडून गेली.

उत्तर फेब्रुवारीत आलं. इस्पितळाच्या मृत्युपुस्तकाच्या पानाची प्रत होती. कप्तान योब्स्ट राइमर्स, डाव्या मांडीला गोळी, वर्णन: डाव्या हाताची करंगळी जुन्या मोडण्यानं वाकडी. शेजारच्या खाटेवरचा अधिकारी, कप्तान उलरिश कालवाइट, दंडाला किरकोळ जखम, तीन मे रोजी स्वतःच्या पायांनी निघून गेला. अकरा दिवस दोघे शेजारी होते. आणखी एक नोंद होती. तीस एप्रिलला मांडीची जखम स्वच्छ, ताप नाही. दोन मेला मृत्यू. कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं.

गेझीनाबाईंनी सगळं सरकारी वकिलांकडे पाठवलं. त्यानंतर गावानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. बेकरीत त्यांचा नंबर आला की बेकरीवाली आतल्या खोलीत जायची. गायकमंडळानं साहेबांच्या बाजूनं पत्र काढलं आणि माझ्या नवऱ्यानं त्यावर सही केली. मीही दोन वेळा, त्या रस्त्यानं येताना दिसल्या तेव्हा, दुकानाच्या मागच्या भागात गेले. पहिला शनिवार आला तरी त्या येईनाशा झाल्या. कार्डं त्या हानोव्हरहून मागवू लागल्या.

साहेबांनी सगळं नाकारलं. मग त्यांच्या वकिलानं डॉक्टरांचा दाखला आणला की हृदय चौकशी सोसणार नाही. प्रकरण लांबत गेलं आणि ऐंशीच्या शेवटी बंद झालं. साहेब टेकडीवरच राहिले. रोज संध्याकाळी फिरायला निघत आणि गेझीनाबाईंच्या कुंपणाशी येऊन काही क्षण उभे राहत. बोलत नसत. चार वर्षं हे चाललं.

डोरेटेबाई मात्र दुसऱ्या वर्षी परत आल्या. दोघी मिळून होल्स्टाइनला गेल्या, राइमर्स नावाच्या दगडापुढे उभ्या राहिल्या. नवा दगड बसवायला परवानगी मिळाली. त्यावर उलरिश कालवाइट कोरलं, जन्मगाव इन्स्टरबुर्ग. एबरहार्डचं कार्ड गेझीनाबाईंनी तसंच ठेवलं, शेवटचा रकाना कोरा. साहेबांना खरंच काही माहीत होतं की तो नुसता गळ होता, हे त्यांना कधी कळलं नाही. मी त्यांना एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का. त्या म्हणाल्या, ‘रोज होतो. पण तसं कळलं असतं तर त्या खड्ड्याजवळ मला उभंही राहता आलं नसतं.’

मी त्यांच्याशी परत बोलू लागले ती चौऱ्याऐंशीत, साहेब गेल्यानंतर. ते झोपेत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको आनेलोरे माझ्या दुकानात आली, शोकपत्रं छापून घ्यायला. काळी किनार निवडली, कागद निवडला, ऐंशी प्रती म्हणाली. मी फॉर्म पुढे ठेवला. पहिलीच ओळ मृताच्या नावाची.

ती पेन हातात धरून उभी राहिली. बाहेर एक बस आली, गेली. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती त्यांच्या.

‘विब्केबाई,’ ती शेवटी म्हणाली, ‘इथे काय लिहू?’

तिनं पेन खाली ठेवलं. आम्ही नुसतं ‘माझा नवरा’ एवढंच छापलं.