साहेबांच्या लॉनमधून गेलेली पूररेषा

"नदीकाठचा हा पट्टा मोकळा आहे," असं चीफ इंजिनिअर साहेबांनी जुना नकाशा दाखवून सांगितलं होतं. आता त्याच मोकळ्या पट्ट्यात मी उभी होते आणि टोटल स्टेशनची तिवई उघडायला जागा सापडत नव्हती. टोटल स्टेशन म्हणजे तिवईवरची दुर्बीण. समोर धरलेल्या आरशावर नेम धरला की अंतर आणि उंची कळते. इथे दोन घरांमधून वारासुद्धा आडवा होऊन जात होता.

आमची सरकारी टाउनशिप आणि नदी यांच्या मधली ही वस्ती. क्वार्टर्समध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाया इथल्याच. ऑफिसला तेवढी ही वस्ती दिसत नव्हती. आता नदीकाठ सुशोभित करायचा होता. त्यासाठी पूररेषा हवी होती, म्हणजे मोठ्या पुरात पाणी जिथवर चढतं ती रेघ. तिच्या आतलं सगळं हटणार होतं.

शेवटी वस्तीतल्या मुन्नीबाईंनी तिवई लावायला त्यांचं छत दिलं. वर चहा दिला आणि विचारलं, घर नकाशात येणार का? मी खरं तेच सांगितलं. आलं तर पडेल, पण बदली घर मिळेल. नाही आलं तरी पडेल, फक्त बदली घर मिळणार नाही.

त्यांनी माझा रिकामा कप उचलला आणि म्हणाल्या, "तो ठीक से नापना, मॅडम."

मी ठीक मोजलं. घरांच्या भिंतींवरच्या मागच्या पुराच्या गाळाच्या खुणांची उंची घेतली आणि त्याच उंचीने रेघ पुढे नेली. रेघ वस्तीतून निघाली, टाउनशिपची भिंत ओलांडून साहेबांच्या बंगल्याच्या लॉनमध्ये शिरली आणि ऑफिसर्स क्लबच्या बॅडमिंटन कोर्टावरून बाहेर पडली. भिंतीवर 'विनापरवाना प्रवेश मना' अशी पाटी होती, पण पुराला वाचता येत नसावं.

साहेबांनी ड्रॉइंग पाहिलं आणि इन्स्ट्रुमेंट बिघडल्याचं निदान केलं. मी म्हटलं, दुसऱ्या इन्स्ट्रुमेंटवरही तपासलंय. मग त्यांनी सुचवलं, रेघ भिंतीपाशी थांबवली तर ड्रॉइंग सुबक दिसेल.

"थांबवते सर. त्या ड्रॉइंगवर सही मात्र तुमची लागेल."

साहेबांनी उघडलेलं पेन बंद केलं.

सुशोभीकरण 'सखोल अभ्यासासाठी' पुढे ढकललं गेलं. तो अभ्यास अजून चालू असावा. माझी शाहपुऱ्याच्या ऑफिसात जुने नकाशे स्कॅन करण्याच्या अत्यंत जबाबदारीच्या कामावर बदली झाली. मुन्नीबाईंचं घर आहे तिथेच आहे. पावसाळ्यात पाणी दोन्हीकडे शिरतं. लॉनवर पंप लागतो, मुन्नीबाई खाट विटांवर चढवतात.

वस्ती वाचवायला मी ना मोर्चा काढला, ना भाषण केलं. साहेबांचं अंगण तेवढं मोजलं.