आधी आपली बाजू

त्या दिवशी सकाळी जयवंतची रिंग आली नाही. चिंचणीहून बोईसरच्या कारखान्यात पोचला की तो मला एकच रिंग देऊन फोन ठेवायचा, आणि मी पालघरच्या ऑफिसातून तशीच एक परत द्यायचो. आमची हजेरीच म्हणा ना. मी मुळात उतावळा. तरी त्यानेच लावलेल्या सवयीने आधी माझा फोन तपासला... बंद करून चालू केला, खिडकीशी नेला, शेजारच्या टेबलावरच्या मीनाताईंना रिंग द्यायला लावली. खणखणीत वाजला. मग त्याच्या घरी फोन लावला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ते ऱ्हायले नाय." नंतर कळलं, कामावर निघताना शर्ट घालत होता, तेवढ्यात छातीत कळ आली होती.

आमच्या औषध कारखान्याचे दोन सर्व्हर आम्ही दोघे सांभाळायचो, एक त्याच्याकडे, दुसरा माझ्याकडे. दोन्ही सर्व्हरनी सतत एकमेकांना 'मी चालू आहे' असा इशारा द्यायचा आणि एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं. खरी भीती बंद पडण्याची नव्हे. दोन्ही चालू असताना मधलीच वाट तुटली, तर प्रत्येकाला वाटतं की समोरचा मेला, आणि दोघेही कारभार हातात घेतात. मग मालाच्या नोंदी दोन ठिकाणी दोन तऱ्हेच्या! म्हणून इशाऱ्याच्या दोन तारा, त्याही वेगवेगळ्या वाटेने नेलेल्या.

एका दसऱ्यानंतर भर दुपारी माझ्या स्क्रीनवर बोईसर गप झालं. साहेब मागे उभे. "कसली वाट बघताय? कारभार आपल्याकडे घ्या." माझं बोट बटणावर होतं, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात जयवंतचा फोन. "सुध्या, हात लावू नको. माजा चालू हाय. गप हाय म्हनजे मेलाय असा नाय. आदी तुजी बाजू बग." मी तडकलो, माझ्या बाजूला काय बघायचंय? तो हसला. "तुमी एडवनचे वाडीवाले. केळी पिकेपर्यंत थांबता, नि हितं तुमाला दम नाय?" चरफडत तार काढून पुन्हा लावली, दिवे पाहिले. माझं सगळं ठीक होतं. मग तो त्याच्या बाजूला वळला आणि बराच वेळ फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. मी खुर्चीतून उठ-बस करत होतो. साहेब घड्याळ बघत होते.

"घावला," तो म्हणाला, "मीच शाना."

खंडेनवमीला सर्व्हरची पूजा करताना झेंडूच्या माळेमागे लोंबणारी तार बरी दिसेना, म्हणून त्याने दोन्ही तारा नीटनेटक्या एकाच जुन्या डब्यात खोचल्या होत्या. खारा वारा आणि कारखान्यांचा धूर यांनी नेमका तोच डबा खाल्ला, आणि दोन्ही वाटा एकदम तुटल्या. मी बटण दाबलं असतं तर दोन्हीकडच्या नोंदी कोणाला जुळवता आल्या नसत्या, आणि नोंद जुळत नसलेलं औषध विकता येत नाही, म्हणून तयार माल फेकून द्यावा लागला असता. त्याने साहेबांना स्वतःच सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या, आणि मला म्हणाला, "देवाला दाकवायला गेलो नि तोंडावर आपटलो."

आता त्याच्या जागी नवा माणूस आलाय. मुलगा चांगला आहे, रोज न चुकता मेसेज करतो. मला मात्र स्वस्थ बसवत नाही. चिडचिड होते, कोणावर ते कळत नाही. जयवंत, गप म्हणजे मेला असं नाही, हे तूच शिकवलंस ना... मग आता काय करू?

रोज सकाळी त्याच्या रिंगच्या वेळेला मी मीनाताईंकडे बघतो. आता त्या काही विचारत नाहीत. पर्समधून फोन काढून एक रिंग देतात. माझा फोन वाजतो. माझ्या बाजूला काही बिघाड नाही.