प्रतिकूल बाजूचा शालिक

शालिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुसदला स्टेजवर होतो. माझा धंदा दारव्ह्यात मंडप-डेकोरेशनचा आणि जोडधंदा सूत्रसंचालनाचा. म्हणजे खुर्च्या माझ्या, माइक माझा आणि त्या माइकवरचा आवाजही माझाच. त्या दुपारी एका निवृत्त गृहस्थांचा सत्कार होता. मी त्यांना ‘विदर्भाचा तेजोमय सूर्य’ म्हणून नुकताच श्वास घेत होतो, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. शालिकच्या बायकोचा, प्रमिलावहिनींचा. कार्यक्रमाच्या वेळी त्या कधी फोन करत नाहीत. पडद्यामागे गेलो. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हे गेले. चहा मांगितला अन् घेतलाच नाही...” मी परत माइकवर आलो, सूर्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा मला पुढचं वाक्य सुचलं नाही. लोकांना वाटलं, माझा कंठ दाटून आला. कडकडून टाळ्या पडल्या. शालिक समोर असता तर म्हणाला असता, “पाह्य, तू चुप झाला तं टाया पडल्या. आता तरी समज बे.”

आमची दोस्ती भांडणातून झाली, आणि तेही अधिकृत भांडणातून. यवतमाळच्या कॉलेजात आम्ही दोघं वादविवाद स्पर्धेच्या एकाच संघात होतो. ज्यांनी या स्पर्धा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : एका संघात दोन वक्ते असतात, एक विषयाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरोधात, आणि दोघांच्या गुणांची बेरीज होऊन फिरता करंडक मिळतो. म्हणजे स्टेजवर एकमेकांना लोळवायचं आणि करंडक मिळून घरी न्यायचा. याहून शहाणी पद्धत माणसानं काढली असेल असं मला वाटत नाही. त्या वर्षी विषय होता, ‘एकविसाव्या शतकात भारत जगातील अग्रणी महासत्ता होईल’. अनुकूल बाजू मी घेतली, कारण तिच्यात हात उंच करायला भरपूर जागा होती. शालिकनं प्रतिकूल घेतली. मी छाती फुगवून “...आणि हा देश तेजानं उजळून निघेल!” असं गरजलो, आणि त्याच क्षणी सभागृहातली वीज गेली. अंधारात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग शालिकचा शांत आवाज. “अध्यक्ष महोदय, माझा पहिला मुद्दा आत्ताच मांडला गेला आहे.” करंडक आम्हीच आणला. येताना एसटीत तो मांडीवर घेऊन मी विचारलं, “खरं सांग बे, तुले काय वाटते? होईल का नाही?” तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “सांगन. आधी तुहे मुद्दे तं पक्के कर.”

ते मुद्दे पक्के करण्यात आमचं निम्मं आयुष्य गेलं. शालिक दारव्ह्याजवळच्या एका गावात विनाअनुदानित शाळेवर मास्तर झाला आणि मी वडिलांचं शेत भावाकडे देऊन मंडप ठोकू लागलो. पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर, आणि देश महासत्ता होणार हेही रोज टीव्हीवर. दोन्ही एकाच बातमीपत्रात, मध्ये फक्त एक साबणाची जाहिरात! बाजाराच्या दिवशी शालिक जीपमध्ये कोंबून यायचा, भाजी घ्यायचा आणि माझ्या गोदामात सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर पाय सोडून बसायचा. तो गठ्ठा म्हणजे विरोधी पक्षाचा बाक.

“बोल,” तो म्हणायचा.

“आपले पोरं संगणकावर साऱ्या जगाचं काम करून राह्यले,” मी सुरू व्हायचो. “फोन खिशात आला. रस्ते होऊन राह्यले. एवढे जवान हात कोन्या देशापाशी हायेत?”

“हाव. अन् तुह्या भावाच्या कापसाचा भाव कोन ठरवते? दारव्हा ठरवते का? दिल्ली तरी ठरवते का?”

“नाही.”

“मंग ज्याच्या मालाचा भाव दुसराच ठरवते, तो दुनियेचा पाटील कसा होईन बे?”

मी तेलवाल्या देशांचा दाखला काढायचो : ते तर भाव ठरवतात ना? तो हसायचा. “ठरवतेत. पन त्यायले कोनी महासत्ता म्हनते का? म्हनजे पैशानं होत नाही, भावानंही होत नाही. कायनं होते, ते पाहून ये पुढच्या बाजारी.” आणि पिशवी उचलून निघून जायचा. मी अख्खा आठवडा उत्तर शोधत मंडपाचे खांब रोवत फिरायचो.

शाळेत त्यानं दरवर्षीची वादविवाद स्पर्धा सुरू केली. वेळ संपल्याची खूण म्हणून बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. नियम एकच, पण कडक : एकही विषय एका बाजूनं बोलायचा नाही. मंडप माझा, फुकट. त्या वाईट वर्षांतल्या एका वर्षी बाहेरचे एक मोठे पाहुणे यायचे होते. ते शाळेला सभागृह बांधून देणार अशी हवा होती. विषय आमचाच लाडका, महासत्तेचा. संस्थेच्या अध्यक्षांनी शालिकला बोलावलं. “सर, यंदा प्रतिकूल बाजू नको. रोज गाड्या भरभरून लोक येतेत, आपलं रडगाणं कॅमेऱ्यात भरून नेतेत. आता आपल्याच पोरायनं पाहुन्यासमोर तेच गायचं का?” अध्यक्ष वाईट माणूस नव्हता, त्या दिवसांत हे आमच्यापैकी पुष्कळांना वाटत होतं. शालिक म्हणाला, “बाजू एकच असन तं स्पर्धा नाही होत, साहेब.” अध्यक्ष म्हणाले, “स्पर्धा तं होईन. मंग तुमीच राहाल का नाही, ते पाहा.” वहिनींच्या पोटात तेव्हा धाकटी होती.

स्पर्धेच्या दिवशी मागं मोठा फलक होता, ‘भारत महासत्ता होणारच!!!’ तीनही उद्गारचिन्हं माझ्या दुकानातली. पहिला मुलगा बोलला, होणार. दुसरी मुलगी बोलली, होणार. तिसरा उठला, तोही तेच आणि त्याच शब्दांत. चौथ्याला लोक शेंगा सोलू लागले. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, मग छत पाहिलं, म्हणजे माझं कापड. शालिक टेबलाशी घंटी धरून बसला होता, मान खाली. या माणसाला मी अंधारात उभं राहून बोलताना पाहिलं होतं... उजेडात असा गप्प बसलेला मला बघवेना. मी माइकवर गेलो आणि घसा साफ केला. “आता परंपरेप्रमाणे सूत्रसंचालकाचं भाषण.” अशी परंपरा कुठेच नाही. “विषयाच्या विरोधात,” मी म्हणालो.

आणि सुटलो. सतरंज्यांच्या गठ्ठ्यावरचे सगळे मुद्दे हातवाऱ्यांसकट बाहेर काढले. भाव कोण ठरवतं, वीज कुठं जाते, सारं. शेंगा सोलणारे हात थांबले. अध्यक्ष मला डोळ्यांनी खाली ओढत होते. पण माझी नोकरी ते कशी घेणार? मला थांबवायचं तर माइक बंद करावा लागला असता, आणि माइकवाला पोटापाण्याला माझ्याकडेच होता.

मी बसलो, तसा शालिक उठला. घंटी पाहुण्यांपुढे ठेवली, “वेळ तेवढी सांभाळा, साहेब,” म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अनुकूल बाजूनं बोलू लागला. “माझ्या मित्राचा एकही मुद्दा मी खोडणार नाही, कारण ते सगळे त्यानं माझेच चोरले आहेत.” मंडप हसला. “भाव आपण ठरवत नाही, कबूल. वीज नाही, कबूल. तरी हा देश मोठा होऊ शकतो. ज्या गावच्या शाळेत एखादी पोरगी पाहुण्यांच्या तोंडावर ‘नाही होणार’ म्हणते आणि खाली उतरल्यावर तिलाच करंडक मिळतो, त्या गावाला पुढचं सगळं दुरुस्त करता येतं. आधी ऐकून घेता आलं पाहिजे. आणि समजा महासत्ता नाहीच झालो, तरी राहण्यासारखे तरी होऊ.” पाहुणे इतके रंगले की घंटी वाजवायचं विसरले आणि मग आठवण झाल्यावर वाजवतच बसले. ते टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर अध्यक्षांनाही वाजवाव्या लागल्या. शालिकची नोकरी राहिली, पुढच्या वर्षी प्रतिकूल बाजू परत आली. सभागृह मात्र आलं नाही. अजूनही माझंच कापड.

त्या संध्याकाळी खुर्च्या ट्रॅक्टरवर चढवताना मी त्याला पकडलं. “म्हनजे होईल, नाही का?”

“ते स्पर्धेचं भाषण होतं बे,” शालिक म्हणाला, “खुर्च्या मोज.”

त्याच्या पुण्यानुमोदनाला मंडप माझाच होता. बुद्धवंदना झाली, मग लोक त्याच्याबद्दल बोलायला उठले. देवमाणूस, शांत स्वभाव, कोणाला उणा शब्द नाही... पांढऱ्या साडीत पुढे बसलेल्या वहिनींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. “भाऊजी, सारे अनुकूलच बोलून राह्यले. तुमच्या दोस्ताले चाललं असतं का हे?”

मग मी प्रतिकूल बाजू मांडली. सांगितलं की हा माणूस हट्टी होता, घोरायचा, चहाला नावं ठेवून दोन कप प्यायचा, माझ्या एकाही भाषणाला त्यानं चांगलं म्हटलं नाही. लोक आधी दचकले, मग ओळखीचं हसू लागले. शेवटी म्हणालो, छातीत दुखत होतं, यवतमाळला दवाखान्यात चल म्हणून मी जीव तोडून सांगितलं, आणि हा म्हणाला, “परीक्षा होऊ दे पोरायच्या”... तिथं मी माइक खाली धरला. वहिनी उठल्या. “बसा आता, भाऊजी. अनुकूल बाजू माही,” म्हणाल्या, आणि त्या जे बोलल्या ते मी इथं लिहिणार नाही. ते ज्यांनी ऐकलं त्यांचं.

गोदामातला तो सतरंज्यांचा गठ्ठा मी आता भाड्यानं देत नाही. गिऱ्हाईक मागतं, मी फाटक्या आहेत म्हणून सांगतो. यंदाची स्पर्धा ठरलेल्या दिवशीच होणार आहे, विषयही तोच ठेवला आहे, आणि आतापासून मी मुद्दे काढतो आहे. परवा बाजाराच्या दिवशी मी फलक रंगवत बसलो होतो. दारात जीपमधून कोणी उतरल्याचा आवाज आला आणि सवयीनं मी ब्रश बाजूला सारला. वहिनी होत्या. भाजीची पिशवी खाली ठेवली, त्यातून पितळी घंटी काढून शेजारी ठेवली आणि थेट गठ्ठ्यावर जाऊन बसल्या. पदर नीट केला.

“बोला, भाऊजी,” म्हणाल्या, “भाव कोन ठरवते?”