सात नंबरचा साचा

हातमोज्यांच्या कारखान्यात मावशी एकतीस वर्षं चामडं कापत होत्या. हजेरीपटावर मात्र त्या ‘मदतनीस’. कटर हा हुद्दा पुरुषांचा, असं मालक म्हणायचे. त्या पुरुषांना कात्री धरायला मावशींनीच शिकवलं होतं, ते गेलं खड्ड्यात.

एका दुपारी कारखान्यात वकीलबाई आल्या. त्या कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या. कोर्टानं त्यांना न्यायमित्र नेमलं होतं. खरं काय ते हिंडून शोधायचं आणि न्यायाधीशांपुढे ठेवायचं, हे त्यांचं काम. एका मुलीनं विजेच्या खांबावर चढायची परीक्षा पहिल्या नंबरानं पास केली होती, तरी वीज कंपनीनं तिला घेतलं नव्हतं. का, तर म्हणे बायकांच्या हाताच्या मापाचे जाड हातमोजे निघतच नाहीत. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी तसं शपथेवर लिहून दिलं होतं.

“अगदी खरं आहे,” मालक घाईनं म्हणाले. कंपनी त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. “एवढे लहान आम्ही कापतच नाही.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिळ्यावरचा पुठ्ठ्याचा साचा ओढून त्यांनी टेबलावर आपटला.

“मग हा सात नंबर काय शोभेला टांगलाय? आठ वर्षं यावर जोड कापतेय मी. कोणासाठी? त्याच साहेबांसाठी!”

“मावशी, कात्री चालवा, तोंड नको,” मालक गुरगुरले. “कोर्टात गेलात तर परत या दारात पाऊल ठेवायचं नाही.”

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याची औषधं मावशींच्या जिवावर. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “एकतीस वर्षं घरी येऊन माझ्यावर चिडतेस. आता एकदा त्यांच्यावर जाऊन चीड.”

मावशी कोर्टात गेल्या. न्यायमित्र बाईंनी साचा न्यायाधीशांपुढे ठेवला आणि तो कोणाच्या मापाचा ते सांगितलं. साहेबांचे हात झटकन खिशात गेले.

“हात काढा,” न्यायाधीश म्हणाले. “ठेवा यावर.”

पंजा साच्यात नेमका बसला. मग मागच्या बाकावरून त्या मुलीला बोलावलं. तिची बोटं साच्याच्या चांगली बाहेर आली. साहेबांपेक्षा मोठा हात! तिच्या मापाचे हातमोजे तर कंपनीच्या गोदामात डझनानं पडले होते. कोणीतरी खुदकन हसलं. मावशींना हसू आलं नाही. एवढ्या धडधडीत खोट्यापायी त्या पोरीचं वर्ष वाया गेलं होतं.

न्यायाधीशांनी मापाचं कारण फेटाळलं आणि पंधरा दिवसांत मुलीला कामावर घ्यायला सांगितलं. मग निकालात साक्षीदार म्हणून मावशींचं नाव आणि हुद्दा नोंदवायला कारकून सरसावला.

“हुद्दा?”

“कालपर्यंत मदतनीस. आज सकाळी काढून टाकलं.”

“मग काहीच नाही, असं लिहू?”

“कटर लिहा,” मावशी कडाडल्या. “एकतीस वर्षं.”

कंपनीचा वकील उठला. “त्याची कुठेच नोंद नाही.”

“मग आता करा ना!” मावशी म्हणाल्या.

कारकुनानं न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तो लिहीपर्यंत मावशी त्याच्या टेबलापासून हलल्या नाहीत.